वजनाचा आकडा आणि कमरेचा करदोडा

वाचकहो, आज तुमच्याशी जरा घरातलंच बोलणार आहे. चूक माझी आहे आणि ती चारचौघांत सांगायला लाज वाटते. पण हीच चूक आपल्या घराघरांतून होते आहे असं अलीकडे दिसू लागलं. म्हणून म्हटलं, झाकून ठेवण्यापेक्षा उघडं करून सांगावं. कुणा एकाच्या उपयोगी पडलं तरी पुरे.

२०२२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आडसाली उसाच्या लागणी उरकल्या होत्या. गावात मारुतीच्या देवळासमोर आरोग्य शिबिर लागलं. मंडप, खुर्च्या, एका टेबलापाशी वजनकाटा आणि खांबाला लावलेली उंचीची पट्टी. मी आणि आमची सौ. दोघंही गेलो. तिथल्या पोरानं वजन घेतलं, उंची घेतली, मोबाईलवर हिशेब केला आणि दोघांच्या हातात एकेक चिठ्ठी दिली.

माझी उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७६ किलो. चिठ्ठीवर होतं, बीएमआय २७.९, आणि खाली लाल शाईनं ‘लठ्ठ’. सौ.ची उंची १५० सेंटिमीटर, वजन ४७ किलो. तिच्या चिठ्ठीवर २०.९ आणि हिरव्या शाईनं ‘उत्तम’.

ती हसून म्हणाली, “आवं, मी पास झाले बघा. तुमचं काय?”

पुढच्या टेबलावर रक्तातली साखर तपासत होते. रांग बरीच मोठी होती. माझी चिठ्ठी लाल, म्हणून मी रांगेत उभा राहिलो. ती म्हणाली, “म्हशीच्या धारेची वेळ झाली. मला काय धाड भरलीय? मी जाते.” मी म्हणालो, “जा.”

वाचकहो, तो ‘जा’ हा शब्द मला अजून विसरता येत नाही. का, ते पुढं सांगतो.

आधी हा बीएमआय म्हणजे काय ते पाहू. हिशेब सोपा आहे. उंची मीटरमध्ये घ्यायची आणि तिला तिनंच गुणायचं. माझी उंची १.६५ मीटर. १.६५ ला १.६५ नं गुणलं, तर सुमारे २.७२ येतात. आता ७६ किलो वजनाला त्या २.७२ नं भागायचं. आले २७.९. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानं १८.५ च्या खाली आला तर माणूस हडकुळा, २५ पर्यंत ठीक, २५ च्या पुढं वजन जादा आणि ३० च्या पुढं लठ्ठ. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी २००९ साली हे माप आपल्यासाठी आणखी खाली आणलं. आपल्याकडं २३ च्या पुढं जादा आणि २५ च्या पुढं लठ्ठ धरतात. म्हणजे मी परदेशात गेलो तर नुसता ‘जादा’, आणि गावात ‘लठ्ठ’!

माझी साखर त्या दिवशी काठावर निघाली, रक्तदाबही थोडा चढा होता. घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन उलटा हिशेब मांडला. २३ वर यायचं तर वजन साडेबासष्ट किलो पाहिजे. म्हणजे साडेतेरा किलो उतरवायचे. मला वाटलं, त्यात काय एवढं? उन्हाळ्यात खोडवा काढणारा गडी मी!

तालुक्याच्या बाजारातून वजनकाटा आणला. रात्रीचं जेवण बंद केलं. भाकरी सोडली. सकाळी ताक, दुपारी उकडलेल्या भाज्या. सकाळ-संध्याकाळ काट्यावर उभा राहायचो. घरात माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक आणि बाकीच्यांसाठी वेगळा. तो सगळा सौ.च्या डोक्यावर. आकडा खाली आला की मी खूश, दोनशे ग्रॅम वर गेला की घरादारावर खेकसायचो. अडीच महिन्यांत ९ किलो उतरले. गावात जो भेटेल त्याला मी आकडा सांगत सुटलो होतो.

मग कार्तिकात एका रात्री उसाला पाणी द्यायला गेलो. वीज रात्रीची होती. दारं मोडता मोडता डोळ्यांपुढं अंधारी आली आणि बांधावरच कोसळलो. शेजारच्या वावरातला भाऊबंद पाण्यावर होता म्हणून बरं, त्यानं उचलून घरी आणलं. आई अंथरुणाशेजारी बसून एवढंच म्हणाली, “लेका, बैलाचा चारा बंद करून कुणी नांगर ओढून घेतो का रं?”

शिमग्यापर्यंत वजन पुन्हा ७७ वर गेलं. पहिल्यापेक्षा एक किलो जास्तच. डॉक्टरांनी नंतर कारण सांगितलं. माणूस उपाशी राहून भराभर वजन उतरवतो तेव्हा चरबीबरोबर मांसही झडतं. पुन्हा खायला लागला की चरबी लवकर भरून येते, मांस मात्र मेहनत केल्याशिवाय येत नाही. काट्याला हे कळत नाही. मांस गेलं काय नि चरबी गेली काय, त्याला दोन्ही सारखंच.

हे माझं झालं. आता सौ.चं सांगतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात ती लवकर थकायला लागली. पाणी फार प्यायची. रात्री दोन-तीनदा उठायची. आम्ही म्हणायचो, ऊन आहे, वय होत आलं, कामाचा ताण आहे. ती हिरव्या चिठ्ठीची बाई. बारीक, काटक, दिवसभर राबणारी. तिला काय होणार? मे महिन्यात सरपण गोळा करताना पायाच्या करंगळीजवळ बाभळीचा काटा मोडला. काटा काढला, हळद भरली. आठ दिवस झाले, पंधरा दिवस झाले, जखम भरेना. महिन्यानं बोट काळं पडायला लागलं, तेव्हा तालुक्याला नेलं.

उपाशीपोटी साखर २८० निघाली. १२६ किंवा त्याच्या पुढं म्हणजे मधुमेह. हिची त्याच्या दुपटीहून जास्त!

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, “काका, मावशींची साखर याआधी कधी तपासली होती?”

मी म्हणालो, “नाही साहेब. ती बारीक आहे. बीएमआय चांगला आला होता तिचा.”

“घरात कुणाला साखर आहे?”

“तिच्या आईला होती.”

डॉक्टर गप्प राहिले. त्यांनी खणातून शिंप्याकडं असते तशी टेप काढली आणि नर्सबाईंना सौ.ची कंबर मोजायला सांगितली. ८३ सेंटिमीटर भरली. मग ते म्हणाले, “आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० च्या आत पाहिजे आणि पुरुषांची ९० च्या आत. मावशींचे हातपाय बारीक आहेत, म्हणून आकडा चांगला आला. चरबी पोटात साठली आहे, आणि साखर बिघडवते ती हीच. काका, बारीक माणसाला साखर होत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

कुणीच सांगितलं नव्हतं. हिरव्या शाईवरून मीच ते ठरवलं होतं.

करंगळी काढावी लागली. पाय वाचला. शिबिरात ती अर्धा तास रांगेत थांबली असती तर बोटही वाचलं असतं, असं मला वाटतं. म्हणून तो ‘जा’ शब्द मला बोचतो.

त्यानंतर मी या आकड्याच्या मागंच लागलो. जाणत्या माणसांना विचारलं, मिळेल ते वाचलं. तेव्हा समजलं की हा हिशेब कुणा डॉक्टरनं काढलेलाच नाही. बेल्जियम देशात ॲडॉल्फ केतले नावाचे गणिती होते, तारे-ग्रहांचे अभ्यासक. त्यांनी १८३० नंतरच्या दशकात तो मांडला. त्यांना कुणाचं वजन उतरवायचं नव्हतं. हजारो लोकांची मापं घेऊन सरासरी माणूस कसा असतो, ते त्यांना पाहायचं होतं. पुढं १९७२ साली अमेरिकेतल्या ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी त्या हिशेबाला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. त्यांनी ज्यांची मापं तपासली ते सगळे पुरुष होते.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही गावाची पैसेवारी आहे. जुनी माणसं आणेवारी म्हणतात ती. गावाची पैसेवारी ६० पैसे लागली, म्हणजे गावात दुष्काळ नाही, एवढं सरकारला कळतं. ते कळायला ती चांगलीच. पण तेवढ्यावरून माळावरच्या माझ्या वावरात पीक आलं का, हे कळतं का? ते बांधावर जाऊनच पाहावं लागतं. बीएमआयचंही तसंच आहे. हजार माणसांच्या गावाचं आरोग्य कुठं चाललंय ते त्यावरून कळतं. एका माणसाच्या आत काय चाललंय ते कळत नाही.

आणखी एक दाखला उसाचा घ्या. काट्यावर दोन गाड्या सारख्याच टनाच्या भरतात. पण एकीचा उतारा चांगला असतो, दुसरीत नुसतं पाणी नि पाचट. वजन सारखं, आतला माल वेगळा. आमच्या गावात एक पैलवान होता. उंची १७० सेंटिमीटर, वजन ८४ किलो. बीएमआय २९ च्या वर, म्हणजे या हिशेबानं तो लठ्ठ. पण पोट सपाट, मांड्या दगडासारख्या. तालीम सुटून दहा वर्षं झाली. आज त्याचं वजन तेच ८४ किलो आहे. पण मांड्या उतरल्या आणि पोट सुटलं. आकडा जागचा हलला नाही, माणूस मात्र पार बदलला.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर ही फसगत जास्तच होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर फार मोठं काम केलं आहे. ते आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली आपलीच मापं छापली. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी बरोबरीचा. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! म्हणजे दुपटीहून जास्त. दिसायला बारीक, आतून लठ्ठ.

याचं मूळ कुठं आहे ठाऊक आहे? थेट आईच्या पोटात. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आयाबहिणींचा अभ्यास केला. त्यांची बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं बारीक खरी, पण त्यांच्या अंगावर मांस कमी होतं आणि चरबी त्या मानानं टिकून होती. आयांचं पोषण नीट झालं नाही, कष्ट मात्र चुकले नाहीत, आणि बाळानं जगण्यासाठी जमेल तशी तजवीज केली. पुढं ट्रॅक्टर आला, मोटरसायकल आली, पिठाची गिरणी दारात आली, चहात साखर वाढली. काम कमी झालं, खाणं तेच राहिलं. मग ती चरबी पोटावर चढली. आमच्या सौ.ची आई ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. तेव्हा आमची सौ. तिच्या पोटात होती. हे ऐकलं तेव्हा मला आतून हलल्यासारखं झालं.

आता तुम्ही म्हणाल, मग काय तो आकडा चुलीत घालायचा? नाही. चाळणी मोठ्या भोकांची असली म्हणून कुणी टाकून देत नाही. काटा आणि पट्टी एवढ्यावर शंभर माणसं एका सकाळी पाहून होतात, ही सोय लहान नाही. आकडा २७-३० च्या पुढं गेला तर दुर्लक्ष करू नये. १८.५ च्या खाली आला तर त्याहून करू नये. लग्नाच्या वयाची पोर हडकुळी असेल, रक्त कमी असेल, तर तिच्या पुढच्या बाळंतपणाचा प्रश्न असतो. मात्र गरोदर बाईला हे माप लावू नये. लहान मुलांना मोठ्यांचा तक्ता लावू नये, त्यांचा वेगळा असतो. म्हाताऱ्या माणसांचं वजन कमी झालं तर शाबासकी देण्याआधी मांस तर झडत नाही ना, हे पाहावं. आणि चिठ्ठी हिरवी आली म्हणून रक्ताची तपासणी कधीच चुकवू नये.

जाणत्या डॉक्टरांचंही आता हेच म्हणणं आहे. २०२५ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या जगभरच्या तज्ज्ञांच्या मंडळानं सांगितलं की, नुसत्या बीएमआयवरून माणसाला आजारी ठरवू नये. कमरेचं माप घ्यावं, आणि चरबीमुळं शरीराचं काम कुठं बिघडलंय का, ते तपासावं.

मग वजन उतरवणाऱ्यानं पुढं काय ठेवावं? मी माझ्यापुरतं ठरवलं ते सांगतो.

पहिली गोष्ट सुतळी. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्या, डोक्यापासून टाचेपर्यंत. ती मधोमध दुमडा. ती दुमडलेली सुतळी कमरेभोवती गुंडाळा, बरगडीचा खालचा काठ आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून. पोट आत ओढायचं नाही, फसवणूक आपलीच होते! दोन्ही टोकं भेटली तर ठीक. नाही भेटली तर पोटावर चरबी जास्त आहे असं समजा आणि तपासणीला जा. सौ.च्या उंचीचं निम्मं ७५, कंबर ८३. त्या शिबिरात काट्याऐवजी सुतळी असती तर ती पास झाली नसती.

आपल्या वाडवडिलांना हे कळत होतं असं मला वाटतं. माझे वडील कमरेचा करदोडा काचायला लागला की सांजचं जेवण हलकं करायचे. काटा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

दुसरी गोष्ट, थोडं ठरवा आणि ते टिकवा. अमेरिकेत २००२ साली एक मोठा अभ्यास झाला. ज्यांची साखर काठावर होती, त्यांना वजन फक्त ७ टक्के उतरवायला आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायला सांगितलं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७६ किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे सव्वापाच किलो. आणि मी साडेतेरांच्या मागं लागून बांधावर पडलो होतो!

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्याच देशातल्या, साखर काठावर असलेल्या ५३१ लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली छापून आला. ज्यांनी नीट खाल्लं आणि रोज चालले, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं. आणि त्यांचं वजन? जवळजवळ होतं तेवढंच राहिलं. काट्यानं एक शब्द काढला नाही, पण आत बरंच सुधारलं. आकड्यावरच डोळा ठेवणारा माणूस अशा वेळी निराश होऊन चालणं सोडून देतो. म्हणून म्हणतो, आकड्याला मालक करू नका.

आता आमच्या घरी काय चाललंय ते सांगून रजा घेतो. माझं वजन ७१ किलो आहे. बीएमआय २६. म्हणजे तक्त्यात मी अजून लालच. पण कंबर ९९ वरून ९१ वर आली आहे. साखर आणि रक्तदाब ठिकाणावर आहेत. सांजचं जेवण दिवे लागणीला करतो. ज्वारीची भाकरी, घट्ट आमटी, मोडाची उसळ, ताटात निम्मी भाजी. चहा बिनसाखरेचा. वस्तीवर मोटरसायकल नेत नाही, पायीच जातो.

सौ.च्या गोळ्या चालू आहेत. साखर आटोक्यात आहे. ती आता अनवाणी फिरत नाही. रोज रात्री मी कंदिलासारखा मोबाईलचा दिवा धरून तिचे तळपाय पाहतो, कुठं चीर, फोड आहे का ते. पहिल्यांदा ती लाजली होती. आता पाय पुढं करते. आणि जेवायला आमच्याबरोबरच बसते. सगळ्यांच्या मागं उरलंसुरलं खाणं आम्ही बंद केलं. वेगळा स्वयंपाकही बंद. तिला चालतं तेच सगळ्यांचं जेवण.

वाचकहो, तुमच्या गावात शिबिर लागेल तेव्हा जा. नसेल लागत तर जवळच्या सरकारी उपकेंद्रात जा. तिथं तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर फुकट तपासतात. आशाताईंना विचारा, त्या वार सांगतील. जाताना घरच्या बाईला बरोबर घ्या, तिची चिठ्ठी हिरवी असली तरी. धारेची वेळ झाली असेल तर तिला म्हणा, “तू थांब रांगेत. म्हशीकडं मी बघतो.”

मला ते तेव्हा सुचलं नाही. तुम्हाला सुचावं, म्हणून हे लिहिलं.